मोटारीचे वंगण : थेंबापासून प्रवाहापर्यंत

बैलगाडीच्या आसाला ज्याने एकदा तरी वंगण घातले आहे, त्याला वंगणाचा उपयोग काय हे सांगावयास नको. चाक कुरकुरू लागले की गाडीवान गाडी थांबवितो, चाकाची खीळ काढतो, आसाला वंगण चोपडतो आणि पुन्हा वाटेला लागतो. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा असतो. पहिली कुरकुर कानी पडल्यापासून आस झिजून निकामी होईपर्यंत कित्येक दिवसांची सवड मिळते. एखाद्या दिवशी विसर पडला तरी फारसे बिघडत नाही.

मोटारगाडीच्या इंजिनाने ही सवड काढून घेतली. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे करणाऱ्या दांड्याचे तेल तुटले, तर कुरकुर ऐकून काही उपाय योजण्यास फार तर काही मिनिटे मिळतात. कित्येकदा तेवढीही मिळत नाहीत. म्हणून मोटारीच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत अभियंत्यांना जो प्रश्न सतत छळीत राहिला, तो तेल कोणते वापरावे एवढाच नव्हता. हवे त्या जागी, हवे त्या क्षणी, कोणाच्या आठवणीवर न विसंबता तेल पोहोचेलच याची खात्री कशी द्यावी, हा खरा प्रश्न होता. तो सुटेपर्यंत मोटार ही हौशी श्रीमंतांची आणि त्यांच्या पगारी चालकांची वस्तू राहिली.

प्रथम इंजिनात घासणाऱ्या जागा कोणत्या ते पाहू. सिलिंडरात पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला म्हणजे दट्ट्या खाली लोटला जातो. त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड ही सरळ गती खालच्या वाकड्या दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, देतो आणि तो फिरू लागतो. क्रँकशाफ्ट ज्या आधारांत फिरतो ती मुख्य बेअरिंगे होत. रॉडच्या खालच्या टोकाचे कडे क्रँकशाफ्टच्या वाकड्या भागाला वेढून असते. ते रॉडचे बेअरिंग. वाचकांनी या दुसऱ्या बेअरिंगावर विशेष लक्ष ठेवावे, कारण या लेखातील बहुतेक दुखणी तेथलीच आहेत. मुख्य बेअरिंग निदान एका जागी स्थिर असते. त्याच्या डोक्यावर तेलाचे भांडे ठेवता येते. रॉडचे बेअरिंग मात्र स्वतःच वर्तुळात गरगर फिरत असते, आणि दर स्फोटाचा दणका प्रथम त्यालाच सोसावा लागतो.

या बेअरिंगांना आतून कथिल, अँटिमनी आणि तांबे यांच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर देत असत. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली अशा बेअरिंगाचे पेटंट घेतले होते. आपल्याकडील कारखान्यांतून या धातूला व्हाइट मेटल म्हणतात. तो सुमारे २४० अंश सेल्सिअस तापमानाला वितळू लागतो. हा दोष वाटेल, परंतु त्यातच त्याचा गुण आहे. तेल तुटले तर अस्तर आधी वितळून वाहून जाते आणि महागडा क्रँकशाफ्ट बचावतो. अस्तर गेलेला रॉड ठोके देऊ लागतो. तो आवाज ऐकून चालकाने गाडी थांबविली तर नुकसान अस्तरापुरतेच राहते. न थांबविल्यास रॉड तुटतो आणि त्याचे टोक इंजिनाची भिंत फोडून बाहेर येते.

कार्ल बेन्झ यांनी जानेवारी १८८६ मध्ये ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्या इंजिनाला एकच सिलिंडर होते आणि तेही आडवे. क्रँक उघडाच होता. इंजिन मिनिटाला सुमारे ४०० फेरे करी आणि त्याची शक्ती एका अश्वशक्तीहूनही कमी होती. अशा यंत्राला थेंबाथेंबाने तेल देणारी भांडी पुरत. भांड्याचा स्क्रू किंचित उघडावयाचा, म्हणजे तेल ठिबकू लागे. घासणाऱ्या भागांतून ते जाई आणि खाली रस्त्यावर गळे. एकदा वापरलेले तेल परत मिळविण्याची सोय नव्हती. वाफेच्या इंजिनांवर आणि कारखान्यांतील दांड्यांवर हीच पद्धत चालत आली होती; मोटारीने ती जशीच्या तशी उचलली.

पुढे सिलिंडरांची संख्या वाढली, तशी या भांड्यांची रांग चालकापुढील फळीवर आली. १९०० च्या सुमाराच्या अनेक गाड्यांवर चकचकीत पितळी तेलपेटी दिसते. तिच्या खाली काचेच्या लहान नळ्या बसविलेल्या असत. दर नळीतून थेंब पडताना दिसे, आणि दर नळीचा स्क्रू वेगळा असे. कोणत्या बेअरिंगाला मिनिटास किती थेंब हवेत हे चालकाने ध्यानात ठेवावयाचे. काही गाड्यांवर हातपंप असे. ठरावीक अंतर कापले की त्याचा दांडा एकदा दाबावयाचा. रस्ता सांभाळावयाचा, बुजणारे घोडे चुकवावयाचे, ठिणगीची वेळ हाताने मागेपुढे करावयाची, आणि त्यातच थेंब मोजावयाचे. मोटार चालविणे हा त्या काळी एक स्वतंत्र धंदा होता, तो काही उगाच नव्हे.

एवढे करूनही खात्री नव्हती. थंडीच्या सकाळी तेल दाट असते, म्हणून स्क्रू अधिक उघडावा लागे. इंजिन तापले की तेच तेल पातळ होऊन धारेने वाहू लागे. मग सिलिंडरात तेलाचा पूर येई, ठिणगीच्या प्लगांवर काजळी धरे आणि मागे निळ्या धुराचा लोट उठे. त्या धुराला वैतागून चालकाने स्क्रू आवळला आणि पुढे चढ लागला, तर भार सर्वांत अधिक त्या क्षणीच तेल सर्वांत कमी! आणि गाडी उभी करताना स्क्रू बंद करण्यास जो विसरे, त्याला परत आल्यावर तेलपेटी रिकामी सापडे.

त्यातच इंजिनांचा वेग वाढत चालला होता. फ्रान्समधील द दियों-बूताँ कंपनीच्या १८९५ सालच्या लहान इंजिनाने मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या पुढे मजल मारली. बेन्झच्या इंजिनाशी तुलना केली तर हा वेग जवळजवळ चौपट होतो. दट्ट्याला दर फेरीत दोनदा थांबवून उलट दिशेने पळविण्यास लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग चौपट झाला की दट्ट्या तेवढ्याच वजनाचा असता हा जोर सोळापट होतो. असे ओझे पेलण्यास मोजके थेंब अपुरे पडले तर नवल नाही. पण तेल नेमके पेलते तरी काय आणि कसे? या प्रश्नाचे उत्तर मोटारीचा जन्म होण्यापूर्वीच, आगगाडीच्या आसाने दिले होते.

१८८० नंतरच्या काळात इंग्लंडातील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली होती. तिच्या वतीने बीचम टॉवर हे अभियंते प्रयोग करीत होते. चार इंच व्यासाचा एक दांडा तेलाच्या टाकीत खालून अर्धवट बुडवून फिरवावयाचा, त्याच्या डोक्यावर पितळी अर्धे बेअरिंग ठेवून त्यावर भार द्यावयाचा आणि घर्षण किती होते ते मोजावयाचे, अशी योजना होती. आगगाडीच्या डब्यांच्या आसांवर भार असाच वरून येतो. एका फेरीनंतर टॉवर यांनी नेहमीचे तेलपात्र बसविण्यासाठी बेअरिंगाच्या माथ्याला, भार सर्वांत अधिक असे तेथेच, एक भोक पाडले. यंत्र पुन्हा सुरू करताच त्या भोकातून तेल वर येऊन सांडू लागले. ज्या वाटेने तेल आत जावयाचे, त्याच वाटेने ते बाहेर येत होते!

घाण होऊ नये म्हणून भोकात बूच मारले. ते निघून पडले. मग लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. तेव्हा टॉवर यांनी भोकाला दाबमापक जोडला. बेअरिंगावरील सरासरी भार दर चौरस इंचास १०० पौंड होता. मापकाचा काटा २०० पौंडांच्या पलीकडे गेला. हा वृत्तांत १८८३ साली प्रसिद्ध झाला. १८८५ च्या दुसऱ्या वृत्तांतात त्यांनी बेअरिंगाच्या निरनिराळ्या ठिकाणचे दाब मोजून दिले आहेत. सरासरी भार ३३३ पौंड असताना सर्वाधिक दाब ६२५ पौंड भरला. याचा अर्थ एकच होता. दांडा आणि बेअरिंग एकमेकांना टेकलेलेच नव्हते. मध्ये तेलाचा एक अखंड पापुद्रा होता आणि सगळा भार तोच उचलीत होता.

हा दाब कोठून आला? कोणताही पंप तेथे नव्हता. मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली, म्हणजे बेन्झच्या पेटंटाच्याच वर्षी, याचे गणित मांडले. दांडा बेअरिंगाहून अगदी किंचित लहान असतो, आणि भार आला की तो एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोहोंमधील फट सर्वत्र सारखी न राहता एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे चिंचोळी होत जाते, पाचरीसारखी. फिरता दांडा आपल्या पृष्ठभागाला चिकटलेले तेल रुंद बाजूकडून चिंचोळ्या बाजूकडे ओढून नेतो. जागा कमी होत जाते, तेल सहजासहजी निसटू शकत नाही, आणि त्यात दाब उत्पन्न होतो. दांडा त्या दाबावर तरंगतो. तेलाचा हा ओढला जाण्याचा गुण त्याच्या श्यानतेवर, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या आंतरिक विरोधावर, अवलंबून असतो. म्हणूनच पाण्यापेक्षा तेल या कामी सरस ठरते.

शाळेतील विद्यार्थ्यांना याचा पडताळा सहज घेता येईल. गुळगुळीत टेबलावर एक सपाट पोस्टकार्ड, पुढली कड अगदी किंचित उचललेली ठेवून, जोराने सरकवावे. ते पुष्कळ लांबवर अलगद घसरत जाते. कार्डाखाली हवेची पाचर सापडलेली असते. वेग कमी झाला की पाचर टिकत नाही, कार्ड टेबलाला टेकते आणि एकाएकी थबकते. इंजिनाचेही तसेच आहे. सुरू होताना आणि बंद होताना, म्हणजे वेग अपुरा असताना, धातू धातूला घासतोच. त्या अवस्थेत पृष्ठभागाला चिकटून राहणारा तेलाचा अतिसूक्ष्म थर उपयोगी पडतो. त्याचा अभ्यास पुढे विल्यम हार्डी यांनी १९२० नंतरच्या दशकात केला.

टॉवर आणि रेनल्ड्स यांच्या शोधातून यंत्ररचनाकाराला दोन गोष्टी कळतात. पहिली ही, की भार पेलणारा दाब बेअरिंग स्वतःच निर्माण करते. बाहेरून फक्त तेलाचा पुरवठा अखंड हवा. दुसरी ही, की तेल आत सोडण्याचे भोक भाराच्या जागी असता कामा नये. ते तेथे असेल तर तयार झालेला दाब त्याच वाटेने निसटून जातो. आज हे उघड वाटते, पण पिढ्यान् पिढ्या अभियंते नेमके बेअरिंगाच्या माथ्यावरच भोक पाडीत आले होते.

वाफेच्या इंजिनांवर हा धडा लवकर गिरविला गेला. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम कंपनीतील अभियंते आल्बर्ट पेन यांनी १८९० साली पंपाने बेअरिंगांना तेल पुरविण्याची पद्धत पेटंट केली, आणि वेगाने धावणारी बंद पेटीतील वाफेची इंजिने वीजनिर्मितीसाठी भरवशाची ठरली. मोटारीच्या कारखानदारांनी मात्र मधली एक वाट धरली. ती स्वस्त होती.

ती वाट म्हणजे शिंतोड्यांची. क्रँकशाफ्टभोवती बंद पेटी करावयाची आणि तिच्या तळाशी तेल साठवावयाचे. या भागाला आपले मेकॅनिक चेंबर म्हणतात. रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा एक लहान उंचवटा ठेवला की दर फेरीला तो तेलात बुडतो आणि तेल चोहीकडे उडवितो. हे शिंतोडे सिलिंडरच्या भिंतींना, दट्ट्याला आणि बेअरिंगांवरील लहान खळग्यांना मिळतात व ओघळून पुन्हा तळाशी येतात. तेच तेल पुन्हा पुन्हा कामी येते. चालकाला थेंब मोजावयास नको. इंजिन फिरते आहे तोवर तेल उडत राहणारच.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे फोर्ड कंपनीची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटीपर्यंत निघाल्या. तिच्या इंजिनात तेलाचा पंप नव्हता. हेन्री फोर्ड यांच्या रचनाकारांनी जे आधीच फिरत होते त्याच्याकडूनच हे काम करून घेतले. इंजिनाच्या मागल्या टोकाला जे जड फ्लायव्हील होते, त्यावर वीज निर्माण करणारी चुंबके बसविलेली होती. ते खालच्या तेलातून फिरताना तेल वर उधळी. त्यातील काही तेल एका लहान नरसाळ्यात पडे आणि नळीवाटे आपल्या वजनानेच इंजिनाच्या पुढल्या टोकाला, दंतचक्रांपर्यंत वाहत जाई. तेथून ते मागे परतताना रॉडांखालच्या पन्हळी भरीत येई, त्यांतून रॉड शिंतोडे उडवीत, आणि उरलेले तेल पुन्हा फ्लायव्हीलच्या तळाशी जमा होई. एकही जादा भाग न वापरता साधलेली ही योजना पाहिली की कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

परंतु ती सपाट जमिनीवरची योजना होती. लांब आणि उभा चढ लागला की गाडीचे नाक वर होते. मग तेल मागे धावते. पुढल्या टोकाकडे नेणारी नळीही चढण चढू लागते, आणि आपल्या वजनाने वाहणारे तेल चढण चढत नाही. पहिल्या सिलिंडराखालची पन्हळ आटू लागते. चढावर इंजिन पुरता जोर लावीत असते, म्हणजे रॉडवरचा भार सर्वांत अधिक असतो. मॉडेल टीच्या मालकांना हे दुखणे चांगले परिचयाचे होते. सर्वांत पुढल्या रॉडचे अस्तर सर्वांत आधी जाई. पेटीवरल्या थेंबांबाबत जे घडत होते तेच येथे निराळ्या रूपाने घडत होते. गरज वाढावी आणि पुरवठा घटावा, हा या जुन्या पद्धतींचा समान दोष होता.

दुसरी अडचण अधिक विलक्षण आहे. या गाडीचे गिअर बदलणारे पट्टे इंजिनाच्याच तेलात चालत आणि त्यांना सुती कापडाचे अस्तर असे. पट्टे झिजले की त्यांचे तंतू तेलात मिसळत, नरसाळ्यापर्यंत पोहोचत आणि नळीच्या तोंडाशी बोळा बनून बसत. बाहेरून काहीच दिसत नसे. तळाशी तेल भरपूर, गाडी नवी, मालक निर्धास्त. आणि पुढल्या टोकाला तेलाचा थेंब नाही. दोन चांगल्या आणि स्वस्त योजना एका पेटीत कोंडल्या की त्या एकमेकींना कशा बाधतात, याचे हे उदाहरण यंत्ररचना शिकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. बाजारात लवकरच जाळ्या आणि बाहेरून बसवावयाच्या जादा तेलनळ्या विकावयास आल्या. त्यांचा खप हीच मूळ योजनेवरची टीका होती.

तेलाची पातळी पाहण्याची रीतही गंमतीची होती. पेटीच्या मागल्या बाजूला, खाली, एकावर एक अशा दोन लहान तोट्या होत्या. मालकाने गाडीखाली वाकून त्या उघडावयाच्या. वरच्या तोटीतून तेल आले तर ते जास्त झाले. खालच्या तोटीतूनही आले नाही तर गाडी हलवू नये. पातळी दोहोंच्या मध्ये असावी. पावसाच्या दिवशी चिखलात किती जण वाकून पाहत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

शिंतोड्यांच्या पद्धतीत इतरांनी पुष्कळ सुधारणा केल्या. कोणी पन्हळी सदैव भरलेल्या राहाव्यात म्हणून लहान पंप बसविला. काही इंजिनांत पन्हळीच बिजागरीवर ठेवून वेगाच्या तरफेला जोडल्या होत्या. चालकाने इंजिनाला जोर दिला की त्या वर उचलल्या जात आणि रॉड अधिक खोल बुडत. कल्पना चांगली होती, पण एका दोषासाठी दुसरे बिजागर वाढवीत जाण्याला मर्यादा असते.

याच काळात दुसरी, महाग वाट चोखाळली जात होती. इंग्लंडातील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०४ सालच्या आपल्या चार सिलिंडरांच्या गाडीत पंपाच्या दाबाने तेल देण्याची व्यवस्था केली; त्या काळी ती फारच विरळा होती. हेन्री रॉइस यांच्या सहा सिलिंडरांच्या गाडीतही, जी पुढे सिल्व्हर घोस्ट या नावाने गाजली, तेल दाबाने क्रँकशाफ्टपर्यंत जाई. १९०७ साली या गाडीची इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या रस्त्यांवर १५,००० मैलांची चाचणी झाली. ब्रिटनच्या ऑटोमोबाइल क्लबाचे निरीक्षक तिच्यावर लक्ष ठेवून होते. त्यांपैकी १४,३७१ मैल ती टायरांखेरीज अन्य कोणत्याही बिघाडामुळे थांबली नाही. त्या काळी मोटारीने शंभर मैल विनातक्रार जाणे हीच बढाई मारण्याची गोष्ट होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळेल. याचे श्रेय एकट्या वंगणाला देणे योग्य होणार नाही. रॉइस प्रत्येक भागाबाबतच काटेकोर होते. पण दाबाच्या वंगणावाचून हा पल्ला गाठता आला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

दाबाच्या पद्धतीचे हृदय म्हणजे पंप. एका घट्ट पेटीत परस्परांत गुंतलेली दोन लहान दंतचक्रे फिरतात. दातांच्या खाचांत सापडलेले तेल पेटीच्या कडेकडेने पुढे जाते आणि परत येण्यास वाट नसल्याने नळीत ढकलले जाते. हा पंप तळाच्या तेलात किंवा त्याच्या अगदी जवळ बसवितात, म्हणजे सुरू होताच तो कोरडा पडत नाही. इंजिनाचाच एक दांडा त्याला फिरवितो. इंजिन जितके वेगाने फिरेल तितके तेल अधिक. पुरवठा आणि गरज प्रथमच हातात हात घालून चालू लागली. नळीच्या वाटेवर एक स्प्रिंगची झडप असते. थंडीत दाट तेलामुळे दाब बेसुमार वाढला तर ती उघडून जादा तेल परत तळाला सोडते.

नळीतील तेल प्रथम मुख्य बेअरिंगांत येते. तेथपर्यंत काही कठीण नाही. पुढे गरगर फिरणाऱ्या रॉडच्या बेअरिंगात ते न्यावयाचे कसे? उत्तर असे की क्रँकशाफ्टलाच नळी बनवावयाचे. त्याच्या पोलादात तिरपी भोके पाडून मुख्य बेअरिंगाची जागा रॉडच्या जागेशी आतून जोडतात. मुख्य बेअरिंगात आलेले तेल या भोकातून शिरते आणि थेट रॉडच्या कड्यात बाहेर पडते. येथे टॉवर यांच्या बुचाची आठवण ठेवावी लागते. भोकाचे तोंड स्फोटाचा दणका बसतो त्या जागेपासून बाजूला काढावे लागते. शिवाय प्रत्येक भोकाने दांडा थोडा दुबळा होतो. भोकाची कड तीक्ष्ण राहिली तर वारंवारच्या पिळाने तेथूनच तडा जातो, म्हणून ती घासून गोल करतात. लांब, अरुंद, तिरपे भोक कठीण पोलादात सरळ पाडणे आणि आतील सगळा कीस काढून टाकणे हे कसबाचे आणि खर्चाचे काम होते. महाग गाड्यांनी ही पद्धत आधी आणि स्वस्त गाड्यांनी इतक्या उशिरा का स्वीकारली, याचे कारण या भोकांच्या खर्चात बऱ्याच अंशी सापडते.

एक गैरसमज मात्र आजही पुष्कळांच्या मनात असतो. पंपाचा दाब, समजा दर चौरस इंचास चाळीस पौंड, दांड्याला उचलून धरतो असे नव्हे. रॉडच्या बेअरिंगातील तेलाच्या पापुद्र्यात त्याच्या कितीतरी पटीने अधिक दाब असतो, आणि तो रेनल्ड्स यांच्या पाचरीतून येतो. पंपाचे काम पाचरीला तेल कमी पडू न देणे एवढेच. म्हणून चालकासमोरच्या दाबमापकाचा अर्थही जपून लावावा लागतो. बेअरिंगे झिजून फटी वाढल्या की तेल सहज निसटते आणि काटा खाली येतो. तेव्हा तो खरे बोलतो. पण एखाद्या शाखेचे तोंड कचऱ्याने बुजले, तर काटा खाली न येता उलट थोडा वरच जातो, आणि त्या शाखेपलीकडचे बेअरिंग कोरडे पडते. पुढे बऱ्याच गाड्यांत मापकाऐवजी लाल दिवा आला. त्यावर तेलाच्या चोचीच्या डब्याचे चित्र असते. जो डबा हाती घेऊन चालक एके काळी गाडीभोवती फिरत असे, त्याचेच ते चित्र आहे.

तेच तेल फिरत राहते म्हटल्यावर कचऱ्याचा प्रश्न आलाच. रस्त्याची धूळ, धातूचा कीस, काजळी, न जळलेले पेट्रोल आणि गारठ्यात साचणारे पाणी हे सर्व तेलात जमते. रस्त्यावर गळून जाणारे जुने तेल निदान घाण बरोबर घेऊन जात असे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीच्या तेलासाठी गाळणी तयार केली, आणि १९२४ च्या पहिल्या क्रायस्लर गाडीत दाबाच्या वंगणाबरोबर बदलता येणारी गाळणीही आली. या सुरुवातीच्या गाळण्यांतून सगळे तेल जात नसे. थोडे तेल गाळून तळाला परत जाई, बाकीचे न गाळताच बेअरिंगांकडे जाई. वाचकांना ही हयगय वाटेल. पण गाळणी तुंबली तर काय, असा प्रश्न रचनाकारांनी स्वतःला विचारला होता. सगळे तेल तिच्यातून जात असेल तर तुंबलेली गाळणी म्हणजे बंद नळ. मळकट तेलाने बेअरिंग काही वर्षांत झिजेल. तेलच न मिळाल्यास काही मिनिटांत जाईल. पुढे सर्व तेल गाळण्याची पद्धत आली, तेव्हाही गाळणी तुंबल्यास तेलाला दुसरी वाट देणारी झडप तिच्यासोबत ठेवावी लागली.

तेलाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यात आपल्या देशाचा संबंध येतो. शर्यतींच्या गाड्यांत आणि पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनांत एरंडेल वापरीत असत. एरंडेल धातूला घट्ट चिकटते, उष्णतेत खनिज तेलासारखे झटकन पातळ होत नाही, आणि पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पेट्रोलची वाफ क्रँककेसमधूनच जात असे अशा विमान-इंजिनांना हा शेवटचा गुण फार मोलाचा होता. सी. सी. वेकफील्ड यांच्या इंग्रजी कंपनीने १९०९ साली एरंडेल मिसळलेल्या आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले, ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. एरंडीच्या पिकात भारत पूर्वीपासून आघाडीवर आहे. परंतु एरंडेल काही काळाने चिकट होऊन राळेसारखे साचते. इंजिन वरचेवर उघडून साफ करावे लागते. शर्यतीच्या गाडीला ते चालते, टपाल वाहणाऱ्या गाडीला नव्हे. रोजच्या वापरात खनिज तेलच टिकले, आणि १९११ पासून अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने त्याच्या श्यानतेची प्रतवारी लावण्यास आरंभ केल्यावर, चालकाला दुकानात आकडा सांगून तेल मागता येऊ लागले.

दाबाची पद्धत आली म्हणून शिंतोडे लगेच नाहीसे झाले असे मात्र नाही. फोर्ड यांनी मॉडेल टीनंतर १९२७ च्या अखेरीस आणलेल्या मॉडेल ए गाडीत पंप होता, पण तो तेल फक्त वर चढवून देई. तेथून मुख्य बेअरिंगांना ते आपल्या वजनानेच उतरे आणि रॉड पूर्वीप्रमाणे शिंतोडे उडवीत. शेव्हरोले कंपनीने १९२९ साली काढलेले सहा सिलिंडरांचे इंजिन तर अधिक चिवट निघाले. त्याच्या मुख्य बेअरिंगांना पंपाचे तेल मिळे. रॉडांना मात्र पळ्या होत्या, आणि पंपाला जोडलेल्या बारीक तोट्यांतून त्या पळ्यांच्या वाटेवर तेलाची धार सोडलेली असे. रॉड फिरता फिरता ती धार झेलीत. लक्षावधी गाड्या आणि मालमोटारी या पद्धतीवर चालल्या. वेग बेताचा, बेअरिंगे रुंद आणि तेल वेळेवर बदललेले असेल, तर त्या चांगल्या चालल्या, असेच म्हटले पाहिजे. १९५३ साली त्या कंपनीने आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांत रॉडांनाही पंपाच्या दाबाचे तेल दिले, आणि १९५४ साली उरलेल्या मोटारींच्या रॉडांवरच्या पळ्याही काढून टाकण्यात आल्या.